पाकळीची पाठ

"यंदा देवी घेऊनच खाली या," मोकाशी साहेब म्हणाले. "पुढच्या वर्षी हे फाटक तुमच्यासाठी उघडायचं नाही."

भैरवकडा अभयारण्याच्या चौकीपाशी आम्ही सगळे उभे होतो. सकाळचं धुकं अजून झाडांत अडकून होतं. पुढं दोन ढोलवाले, त्यांच्या मागं नवी झूल घातलेली रिकामी पालखी, मग गावातली माणसं, आणि सगळ्यात मागं मी, काखेत तांब्याची घागर घेऊन. मोकाशी साहेब तिथले वनपाल. आवाज चढवून बोलणारा माणूस नव्हता तो. उलट सांगताना त्यांचंच तोंड उतरलं होतं.

"आम्ही तेच कराया आलोय की साहेब," सरपंच हिंदुराव म्हणाले. "खाली देऊळ बांधून तयार हाय. शिखराला रंगसुद्धा झाला."

"देवी आत आहे तोवर वर्षातून एक दिवस तुम्हाला सोडायचं, असं गाव उठवताना ठरलं होतं. देवी खाली गेली की ते संपलं. मोठ्या साहेबांनी तसं स्पष्टच सांगितलंय."

माझे सासरे फाटकाच्या लाकडावर हात ठेवून उभे होते. फाटक उघडलं तसे सगळ्यांच्या आधी आत शिरले आणि चालायला लागले.

हे सगळं नीट सांगायचं तर आमचं गाव सांगावं लागेल. पाथरघळ. डोंगराच्या पोटात होतं म्हणे. अभयारण्य झालं, तेव्हा सगळं गाव उठवून खाली उघड्या माळावर आणून बसवलं. मी लग्न होऊन आले ती थेट त्या माळावर, पत्र्याच्या घरात. जुनं गाव मी कधी बघितलंच नव्हतं. माझं माहेर माणदेशातलं. आमच्याकडं झाड म्हणजे बाभळ, आणि सावली म्हणजे घराच्या भिंतीची. त्यामुळं सासरची माणसं उठता बसता "आमचं रान, आमची राई" करायला लागली की मला कंटाळा यायचा. एकदा तोंडातून निघूनही गेलं, "एवढं होतं तर आलात कशाला?" सासूबाईंनी त्या दिवशी मला जेवायला वाढलं नाही.

आमचं घर गुरवाचं. कडजाईची पूजा आमच्या घराण्याकडं. देवी मात्र वरच राहिली, तिच्या राईत. गाव उठलं, पण देवी उठवायची तर तिचा कौल घ्यायला पाहिजे, आणि तो विषय मामंजी कधी काढूच देत नव्हते. वर्षातून एकदा सगळं गाव वर जायचं, पूजा व्हायची, नैवेद्य व्हायचा, आणि संध्याकाळच्या आत सगळे खाली. खाली आले की मामंजी भिंतीकडं तोंड करून पडायचे. पंधरा दिवस, कधी महिना. जेवायला वाढलं तर पाहुण्यासारखं थोडं खाऊन उठायचे. एवढ्या वर्षांत त्यांनी नव्या अंगणात तुळशीपलीकडं एक रोप लावलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आपण काय इथं ऱ्हायला आलोय?"

अशा घरात सून म्हणून नांदून बघा. घरात कायमचं सुतक असल्यासारखं वाटायचं. मोठ्यानं हसायची सोय नाही.

तेव्हा देवी खाली यावी असं गावात सगळ्यात जास्त कुणाला वाटत असेल तर ते मला. भक्तीबिक्ती काही नव्हती, उगाच खोटं कशाला बोलू? देवी खाली आली की म्हातारा रोज देवळात जाईल, पूजा करील, दोन माणसांत बसेल, आणि आमच्या घरातली ही मरगळ जाईल, एवढाच माझा हिशेब.

हिंदुरावांचा हिशेब वेगळा होता. त्यांनी चावडीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "कौल लावा. देवी येते म्हणाली तर वाजतगाजत आणू. न्हाय म्हणाली तर संगमरवराची मूर्ती आणून बसवू. देऊळ मोकळं ठेवायचं न्हाय."

म्हणजे देवी आली तर फाटक बंद. आणि नाही आली तरी खाली दुसरी देवी बसणार, मग डोंगर चढून कोण जातंय? आज ना उद्या वाट मोडलीच असती, आणि वरची देवी अंधारात. दोन्हीकडून मामंजींचीच वाट बंद होत होती. हे त्यांना कळत होतं, गावालाही कळत होतं. पण म्हातारी माणसं थकली होती, तरण्यांना रस नव्हता, आणि हिंदुराव काही वाईट माणूस नव्हते. देवळासाठी त्यांनी स्वतःच्या डोक्यावर दगड वाहिले होते.

सासूबाई त्याच वर्षी गेल्या. गुरवाच्या घरच्या बाईनं राईतल्या झऱ्याचं पाणी आणायचं आणि कौलाच्या वेळी ताट धरायचं, ही रीत. म्हणून ती घागर माझ्या काखेत आली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मामंजींनी मला ओसरीवर बोलावलं. समोर देवचाफ्याची फुलं होती. त्यांनी एकाच्या दोन पाकळ्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या.

"बघ. पाकळीला पोट असतंय आन् पाठ असती. दिसलं?"

पाकळी जाड, आतल्या बाजूनं जराशी खोलगट. "दिसलं," मी म्हणाले.

"कौल लावताना दोन्ही पाकळ्यांची पोटं देवीकडं. पाणी धरून बसतात त्या. मग तिच्या मनात असंल ती पाकळी ती सोडती. एकीची पाठ लावली तर ती ऱ्हातीया व्हय? लगेच घसरंल. तो कौल न्हवं. ती लबाडी."

"कुणी केलीय का कधी?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुढं काही विचारलंच नाही.

"तुला ताट धरायचंय, म्हणून दावलं," ते म्हणाले. "पाकळ्या निवडून ठेवशील. फाटकी नको, किडकी नको. एका खेपेला एकच कौल. चुकला तर दुसरा लावता येत न्हाय."

तर असे आम्ही फाटकातून आत शिरलो. मी, माझे मालक शिवराम, हिंदुराव, गोदाक्का आणि बाकी गाव. गोदाक्का म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी बाई. ती वर जायला निघाली तेव्हा सगळ्यांनी नको म्हटलं. ती म्हणाली, "शेवटचंच हाय तर मला कोण अडीवतंय बघू," आणि काठी टेकत चालायला लागली. बघताबघता तरण्यांच्या पुढं गेली.

वाट आधी कारवीतून होती. मग जुनं गाव लागलं. मला वाटलं होतं पडकी घरं तरी असतील. तर नुसती जोती, आणि त्यांच्यात उगवलेली झाडं. एका जात्याच्या भोकात नेचा उगवला होता. गोदाक्का एका जोत्यावर चढली, पायानं पालापाचोळा सारला आणि म्हणाली, "हितं चूल व्हती माझी." मग उतरली आणि पुढं चालायला लागली. रडली वगैरे नाही. मीच जरा घुटमळले. तिची चूल कुठं होती ते बघून ठेवावंसं वाटलं, कशाला ते ठाऊक नाही.

गाव संपलं आणि रान दाट झालं. हिरडे, जांभळी, अंजनी, नावं मला शिवराम सांगत होते. ते एरवी दोन शब्द बोलायचे नाहीत, पण त्या दिवशी तोंड बंद नव्हतं.

"ती बघ गारंबीची वेल. तिच्यावर बसून झोका घ्यायचो आम्ही."

वेल कसली, माणसाच्या मांडीएवढी जाड. एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली.

"आणि पडलात तर?"

"पडलो की! दोनदा हात मोडलाय." आणि ते हसले. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

पुढं दगडांची एक ओळ आली. गुडघ्याएवढे उभे दगड, शेवाळानं हिरवे झालेले. ती राईची वेस. मामंजी तिथं थांबले. "कोयते हितंच ठेवा. चपला काढा," ते म्हणाले. कुणाला सांगायची गरज नव्हती, सगळ्यांनी आधीच काढायला घेतल्या होत्या. राईत लोखंड न्यायचं नाही. गवत काढायचं तर हातानं, नारळ फोडायचा तर दगडावर. आणि आतली वाळकी काटकीसुद्धा बाहेर आणायची नाही. हिंदुरावांनी कमरेचा कोयता दगडापाशी ठेवला, आणि खिशातला अडकित्ताही काढून त्याच्यावर ठेवला. मोकाशी साहेबांनी बूट काढले.

आत पाऊल टाकलं आणि खरं सांगते, मला भीती वाटली. दिवसाढवळ्या अंधार. झाडं एवढी जुनी की एकेकाच्या बुंध्याआड आमचं पत्र्याचं घर लपलं असतं. पायाखाली जमीन लागतच नव्हती, नुसता पाला, ओला आणि थंड. वरती कुठंतरी धनेश उडाला, त्याच्या पंखांचा आवाज सुपानं पाखडल्यासारखा झाला, आणि मी घागर घट्ट धरली. आमच्या माणदेशात आभाळ दिसलं नाही असा एक क्षण जात नाही. इथं आभाळ शोधावं लागत होतं. या अंधारासाठी हा माणूस वर्षानुवर्षं भिंतीकडं तोंड करून पडतोय? मला काही समजेना.

मी झऱ्यावरून घागर भरून आणली. पाणी एवढं गार की बोटं बधिर झाली.

देवीला देऊळ असं नव्हतंच. दगडांचा एक कट्टा, वर छप्पर नाही. मागं नांदरुखाचं प्रचंड झाड, आणि त्याला पाठ लावून कडजाई. माझ्या कमरेएवढी काळी शिळा. शेंदूर नाही, डोळे नाहीत. अंगाला लुगडं गुंडाळलेलं, आणि दोन्ही बाजूंना व मागं, झाड आणि देवीच्या मध्ये, जुन्या लुगड्यांचा पडदा बांधलेला. देवीची पाठ गुरवाशिवाय कुणी बघायची नाही, अशी रीत. कट्ट्यावर चढायचं तेही गुरवाच्या घरच्यांनीच. बाकी गाव खाली उभं राहिलं.

मामंजींनी देवीला आंघोळ घातली. मी पाणी देत होते. लुगडं उतरवल्यावर ती शिळा अगदी साधी दिसली. पण मामंजींचा हात तिच्या खांद्यावरून असा फिरत होता की मी दुसरीकडं बघायला लागले.

मग ताटात दोन पाकळ्या ठेवून मी पुढं केलं. खाली सगळं गप्प झालं. ढोलवाल्यांनी ढोलावर पालथे हात ठेवले.

मामंजींनी गाऱ्हाणं घातलं. "आये कडजाई, तुझी लेकरं खाली गेली. तुला न्यायला आल्याती. येणार असशील तर उजवी दे. ऱ्हाणार असशील तर डावी दे. पर ठाम सांग."

त्यांनी डावी पाकळी पाण्यात बुडवली आणि देवीच्या डाव्या खांद्यावर लावली. पोट देवीकडं. मग उजवी उचलली, बुडवली आणि उजव्या खांद्यावर लावली.

तिची पाठ देवीकडं होती.

मी ताट धरून दोन हातांच्या अंतरावर उभी. माझी बघण्यात चूक होणं शक्य नव्हतं. खोलगट बाजू माझ्याकडं होती, तिच्यात पाण्याचा एक थेंब बसला होता. आधी वाटलं, म्हातारा आहे, हात कापतोय, चुकून झालं असेल. मी मामंजींकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते. नजर हलली नाही, पापणी लवली नाही. मग ते देवीकडं वळले आणि हात जोडून उभे राहिले.

लबाडी, कालच म्हणाले होते. आणि लबाडी कशासाठी, तर उजव्यासाठी? देवी यावी म्हणून? ज्या माणसाला देवी हलू नये असं वाटत होतं, तो हे का करतोय? मग वाटलं, आमच्यासाठी. लेकाला नव्या देवळाची पूजा मिळावी, गावात भांडण होऊ नये, संगमरवर येऊ नये. मला जे हवं होतं तेच होत होतं, आणि मला ते अजिबात आवडत नव्हतं. ओरडून सांगावं असं एकदा मनात आलं. पण सांगायचं काय? गुरवानं कौल फिरवला? एवढ्या माणसांसमोर? मी ताट तसंच धरून ठेवलं.

उजवी पाकळी घसरली. देवीच्या पायाशी पडली.

"कडजाईच्या नावानं!" हिंदुराव एवढ्या मोठ्यानं ओरडले की वरून दोन पाखरं उडाली.

"चांगभलं!" सगळं गाव म्हणालं. ढोल सुरू झाले. हिंदुरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंसुद्धा भान नव्हतं त्यांना. "येते म्हणाली! आई येते म्हणाली!" ते ज्याला त्याला धरून सांगत होते. मोकाशी साहेबांनी टोपी काढून छातीशी धरली होती. गोदाक्का तेवढी खाली बसली आणि पदर तोंडाला लावला.

ढोल थांबल्यावर मामंजी म्हणाले, "तिनं कौल दिला. आता पडदा काढायला हरकत न्हाय. शिवराम, सोड गाठी. हिंदुराव, तुमी चौघं वर या उचलायला."

शिवरामनी पडदा सोडला. आणि कट्ट्यावर सगळे जागच्या जागी थांबले.

नांदरुखाचं एक मूळ बुंध्यातून निघून देवीच्या पाठीवरून आलं होतं. पोराला कडेवर घेताना आई हात घालते तसं मागच्या मागंच तिच्या कमरेला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं जमिनीत शिरलं होतं. जाड, माणसाच्या मांडीएवढं. आणि खाली त्याला फाटे फुटून ते शिळेच्या बुडाखालीही गेले होते. मूळ कुठं संपतंय आणि दगड कुठं सुरू होतोय ते सांगता येत नव्हतं.

"हे कधी झालं?" हिंदुरावांनी विचारलं.

"झाडाला काय इचारायचं, कधी?" मामंजी म्हणाले.

चौघांनी जोर लावला. मग आठ जणांनी लावला. हातांनी माती उकरली, नखं तुटली, तरी शिळा तसूभर हलली नाही. जेवढं उकरावं तेवढी खाली मुळंच मुळं. हिंदुराव घामानं निथळत उभे राहिले.

"एक मूळ तोडलं की झालं," ते म्हणाले. "झाड काय मरत न्हाय तेवढ्यानं. कुणीतरी कुऱ्हाड—"

"हिंदू!" गोदाक्का खालून कडाडली. "तिच्या कमरंशी लोखंड धरतोस? तुझ्या बापानं हितं कधी नख कापलं न्हवतं!"

"आणि मला कारवाई करावी लागेल," मोकाशी साहेब हळूच म्हणाले. "इथलं पानसुद्धा तोडायची परवानगी नाही, सरपंच. मूळ तर सोडाच."

"मग देवीलाच इचारा की! लावा कौल, मूळ तोडू का म्हणून."

"एका खेपेला एकच कौल," मामंजी म्हणाले. "तुमाला ठाव हाय."

ठाऊक सगळ्यांनाच होतं. हिंदुराव कट्ट्यावर मटकन बसले. जरा वेळानं म्हणाले, "मग देवळाचं काय करू? मूर्ती सांगू का आता?"

"आरं, ती येते म्हणालीया," गोदाक्का म्हणाली. "आत्ता तूच बोंबललास न्हवं? यायला निघालेल्या बाईच्या जागंवर दुसरी नेऊन बसवतोस व्हय?"

हिंदुरावांनी हातांची माती झटकली. ते भाविक माणूस. कौल खोटा मानणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. मग आम्ही देवीला परत लुगडं नेसवलं, नैवेद्य दाखवला, आणि सगळे राईतच पानावर जेवलो.

निघताना मोकाशी साहेब मामंजींपाशी आले. "मी मोठ्या साहेबांना काय सांगू?"

"सांगा, देवी निघालीया," मामंजी म्हणाले. "झाडानं अजून सोडली न्हाय."

साहेब बराच वेळ त्या मुळाकडं बघत होते. मग मामंजींकडं बघितलं. त्यांना किती कळलं होतं, देव जाणे. "देवी आत आहे तोवर एक दिवस सोडायचं, असंच ठरलंय," ते म्हणाले. "या मग पुढच्या वर्षी."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी अशी मूर्ख की कट्ट्यावर उभं राहूनही कळलं नव्हतं. वर्षानुवर्षं पडद्यामागं एकटाच जाणारा माणूस. त्याला ते मूळ बोटाएवढं होतं तेव्हापासून माहीत होतं. डावी पडली असती तर दुसरी देवी आली असती. उजवी पडली आणि खालचं देऊळ तिच्याच नावानं राखलं गेलं, आणि वर सगळं तसंच राहिलं. देवीनं यायचं म्हटलं, आणि देवी येऊ शकत नाही. आता दरवर्षी तिला न्यायला यायला पाहिजे.

माणसं पुढं गेली. मामंजी सगळ्यात मागं, आणि मी त्यांच्या मागं. वेशीपाशी त्यांनी पाय बाहेर टाकला, मग वळून त्या दगडांना हात लावून नमस्कार केला. बराच वेळ वाकून होते.

"मामंजी," मी म्हणाले, "उजवी पाकळी..."

"दिसलं न्हवं तुला? मला वाटलंच."

"मी कुणाला सांगायची नाही."

"तू न सांगून काय व्हतंय?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "जिच्या खांद्यावर लावली तिला ठाव हाय की." त्यांनी चपला पायात सरकवल्या. "शिवरामला उद्यापास्नं शिकवतो. पुढल्या साली तो करील."

"आणि तुम्ही?"

"कोयत्यांपाशी कुणीतरी बसाया पायजे."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलताहेत.

खाली आलो. मी वाट बघत होते, आता म्हातारा भिंतीकडं तोंड करणार. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर मामंजी अंगणात खड्डा खणत होते. कुणाकडून तरी आंब्याचं रोप आणलं होतं. त्या दिवशी पोटभर जेवले, आमटी परत मागून घेतली. आमच्या घरातलं सुतक संपलं. मला पाहिजे होतं ते मिळालं, अगदी जसं पाहिजे होतं तसं.

पुढच्या वर्षी सगळं गाव रिकामी पालखी घेऊन वर निघालं. मामंजी सगळ्यांच्या पुढं. फाटकापाशी साहेबांशी दोन गोष्टी बोलले, गोदाक्काच्या जोत्यावर बसून पाणी प्यायले, आणि राईच्या वेशीपाशी आल्यावर कोयत्यांच्या ढिगाशेजारी दगडावर बसले.

"गुडघं धरल्यात," त्यांनी लोकांना सांगितलं. "तुमी व्हा पुढं."

सगळा डोंगर चढून आलेला माणूस, आणि शेवटच्या हाकेच्या अंतराला गुडघे धरले. कुणाला विचारायचं सुचलं नाही. मी मात्र घागर घेऊन तिथंच उभी राहिले.

"चला ना मामंजी. आई लेकरावर रागवत नाही."

"तिचा राग असंल नसंल," ते म्हणाले. "माझा मला हाय. जा, पाणी भर."

मी गेले. जाताना रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

परत आले तेव्हा ते तसेच बसले होते, तोंड राईकडं. मला त्यांना देवीचं तीर्थ द्यावंसं वाटत होतं, पण आतलं बाहेर आणायचं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मूळ कुठवर आलंया?"

मी हातानं दाखवलं. त्यांनी मान हलवली.

त्यानंतर ते जितकी वर्षं जगले, तितकी वर्षं कोयत्यांपाशी बसले आणि तेवढंच विचारलं. मीही मग कट्ट्यावर चढले की आधी मूळ बघून ठेवायला लागले, खाली जाऊन नीट सांगता यावं म्हणून. सगळ्या गावाला वाट मोकळी करून दिली, आणि स्वतः तिच्या टोकाशी बसून राहिला म्हातारा. मी त्यांना कधी शहाणं म्हणाले नाही, वेडंही म्हणाले नाही. रागवले मात्र पुष्कळदा, मनातल्या मनात.

आता ते नाहीत. खालच्या देवळात चौथरा अजून मोकळाच आहे. हिंदुरावांचा मुलगा रोज तिथं दिवा लावतो. अंगणातल्या आंब्याला फळं धरतात. साहेब बदलले, तरी फाटक दरवर्षी एक दिवस उघडतं, आणि आम्ही पालखी घेऊन जातो. शिवराम गाऱ्हाणं घालतात, "आये, मूळ तोडू देणार असशील तर उजवी दे, न्हाय तर डावी दे." दरवर्षी डावी पडते.

पाकळ्या लावायच्या वेळी ताट मीच धरते. पण तेवढा वेळ मी मान वळवून मुळाकडं बघत असते. ते आता देवीच्या पुढपर्यंत आलंय.